डाव मांडायचा, पण कधी?

गुरुवार हा पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा रविवार. विजेचा भार वाटून घेण्यासाठी कधीकाळी ठरलेली ही साप्ताहिक सुट्टी इथल्या वर्कशॉपच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, बाहेरून आलेला माणूस गुरुवारी बाजारात एवढी गर्दी कशी म्हणून चक्रावतो. काळेवाडीत त्या संध्याकाळी तापकीर चौकात भाजीची पिशवी घेतलेले, मुलाला गाडीच्या टाकीवर बसवून निघालेले वडील दिसतात. मुलांची सुट्टी मात्र रविवारी. आणि हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या नातेवाइकांची शनिवार-रविवारी.

अशाच एखाद्या घराची कल्पना करावी. वडील चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. आई घरी ब्लाउज शिवते. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, आणि लातूरकडून मुलाकडे राहायला आलेली आजी. हिंजवडीच्या मामाने भाचीच्या वाढदिवसाला एक जड खोका दिला. आत षटकोनी तुकड्यांचा नकाशा, लाकडी घरे आणि रस्ते, धान्य-लाकूड-विटांचे पत्ते. वस्ती वसवायची, पिके काढायची, शेजाऱ्याशी देवघेव करायची आणि आपली संस्कृती वाढवत न्यायची, असा खेळ. देताना मामा म्हणाला, ‘‘ताई, बुद्धीला चांगला असतो. मोबाइलपण सुटेल पोरांचा.’’ खोका महिनाभर कपाटावर आहे. तो कोणाला आवडला नाही असे नाही. तो खेळायला किमान तीन-चार माणसे एका वेळी घरात आणि जागी असावी लागतात, एवढीच अडचण आहे.

या प्रकारच्या खेळांविषयी हल्ली बरेच लिहिले-बोलले जाते आणि त्यात मेंदूचा उल्लेख हटकून असतो. स्मरणशक्ती, एकाग्रता, नियोजन, निर्णयक्षमता असे शब्द जाहिरातीत असतात आणि पालकांच्या गटांतही फिरतात. तीन-चार हजारांचा खोका घेताना त्या शब्दांनी खर्च पटतो. पण विज्ञान त्या शब्दांच्या मागे फारसे उभे नाही. ते ज्या गोष्टीच्या मागे उभे आहे ती खोक्यात मिळत नाही.

आधी खेळाविषयी. पटावर संस्कृती उभारण्याची कल्पना नावारूपाला आली ती १९८० मध्ये, फ्रान्सिस ट्रेशॅम या इंग्रज खेळरचनाकाराच्या ‘सिव्हिलायझेशन’मुळे. भूमध्य समुद्राभोवतीचा नकाशा, त्यावर पसरणारी माणसे, हळूहळू उभी राहणारी शहरे. फासे नाहीत. नशिबाचा भाग येतो तो पत्त्यांतून. व्यापाराच्या पत्त्यांच्या गठ्ठ्यातच संकटांचे पत्ते मिसळलेले असतात. धान्य, मीठ, कापड यांच्याबरोबर दुष्काळ, पूर, साथ हेही हातात येते आणि त्यातली काही संकटे व्यापार करताना गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारता येतात. त्यावर उतारा म्हणजे ज्ञानाचे पत्ते. वैद्यक विकत घेतले असेल तर साथीत माणसे कमी मरतात. मातीची भांडी घडवण्याची कला आली असेल आणि हाती धान्य असेल, तर दुष्काळाचा फटका सौम्य होतो. एक शोध लागला की पुढचा सोपा होतो, हे सूत्र पुढे संगणकावरच्या असंख्य खेळांनी उचलले. हा खेळ संपायला अख्खा दिवस जातो, त्यामुळे तो घराघरांत पोहोचला नाही.

घराघरांत पोहोचला तो १९९५ चा ‘कॅटन’. क्लाउस टॉयबर हा जर्मन माणूस दातांच्या कवळ्या-टोप्या बनवणारा तंत्रज्ञ होता. कामाचा शीण घालवायला तळघरात खेळ रचायचा. त्याने संस्कृती एका बेटावर आणि तास-दीड तासात बसवली. लढाई जवळपास काढूनच टाकली आणि मुख्य काम ठेवले ते देवघेवीचे. ‘‘माझ्याकडे दोन मेंढ्या आहेत, मला एक वीट दे.’’ कोणाचेही दिवाळे निघून तो बाहेर बसत नाही. आपल्याकडच्या ‘व्यापार’मध्ये जो पहिला कफल्लक होतो, तो पुढचा तासभर रुसून कोपऱ्यात बसतो आणि बहुतेकदा तो घरातला सर्वात लहान असतो, हे कोणत्याही घराला माहीत आहे.

कॅटनमध्ये फासे आहेत, आणि आठवीतल्या मुलीला शाळेच्या पुस्तकात न आवडलेली संभाव्यता तिथे नकळत भेटते. दोन फाशांची बेरीज सात येण्याचे मार्ग छत्तीसपैकी सहा. सहा किंवा आठ येण्याचे प्रत्येकी पाच. दोन किंवा बारा येण्याचा प्रत्येकी एकच. त्यामुळे बाराच्या आकड्याशेजारी घर बांधणारा आशावादी आणि आठच्या शेजारी बांधणारा शहाणा. दोन डाव हरले की हे न शिकवता कळते.

पटाचा खेळ आपल्याला नवा नाही. सारीपाट आहे, नवकंकरी आहे, वाघ-शेळी आहे. सापशिडीचा पूर्वज मानला जाणारा मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा आहे, आणि आळंदी काळेवाडीपासून फार लांब नाही. पण मोक्षपटात कवड्या सांगतील तसे चालायचे. सद्गुणाची शिडी लागली तर वर, दुर्गुणाचा साप लागला तर खाली. निवड नाही. नव्या खेळांत प्रत्येक पाळीला निवड आहे, आणि म्हणूनच त्यांनी विचारशक्ती वाढते असे वाटणे स्वाभाविक आहे.

हा दावा बुद्धिबळाच्या बाबतीत नीट तपासला गेला आहे. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा आणि सुमारे चार हजार मुले घेऊन एक मोठी चाचणी झाली. निम्म्या शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्गाच्या वेळात प्रशिक्षकांकडून बुद्धिबळ शिकवले, निम्म्यांत नेहमीसारखी शाळा. २०१६ मध्ये निष्कर्ष आला. शिकवणी संपल्यानंतर वर्षभराने दोन्ही गटांच्या गणितात फरक नव्हता. मुले बुद्धिबळ शिकली, तेवढेच. मानसशास्त्रात याला कौशल्याचे संक्रमण म्हणतात आणि दूरचे संक्रमण फार क्वचित घडते, हे अनेक अभ्यासांतून पुन:पुन्हा दिसले आहे. पटावर नियोजन करणारा मुलगा घरचा अभ्यासही नियोजनाने करेल, अशी अपेक्षा ठेवू नये. वडिलांना हे पटवायला प्रयोगाची गरज नाही. कंपनीत कॅरममध्ये सगळ्यांना हरवणारा माणूस महिन्याच्या हिशेबात कसा गडबडतो, हे त्यांनी पाहिलेले असते.

जवळचे संक्रमण मात्र होते. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी यांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला एक ते दहा आकडे लिहिलेल्या घरांच्या सरळ पट्टीवर खेळायला दिले, दुसऱ्याला तशाच पण नुसत्या रंगीत घरांच्या पट्टीवर. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांचे चारच डाव. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांना संख्यांचा लहानमोठेपणा आणि क्रम लक्षणीयरीत्या चांगला कळू लागला आणि तो फायदा काही आठवड्यांनीही टिकून होता. रंगांच्या पट्टीने तसे काही झाले नाही. खेळ दोन्ही होते. ज्यात आकडे होते आणि जे मोठ्याने मोजत खेळले गेले, त्यानेच आकडे शिकवले. यासाठी हजारोंचा खोका लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. फरशीवर खडूने दहा चौकोन आखले तरी भागते.

आजीच्या बाबतीत दावा असतो स्मृतिभ्रंशाचा. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या ४६९ जणांचा अभ्यास आला. वाचणारे, वाद्य वाजवणारे, नाचणारे आणि पटावरचे खेळ खेळणारे यांच्यात पुढच्या वर्षांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. बातम्यांनी तेवढेच उचलले. पुढे फ्रान्समध्ये ३,६७५ ज्येष्ठांना वीस वर्षे पाठपुराव्यात ठेवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही खेळणाऱ्यांत धोका १५ टक्के कमी दिसला. पण सुरुवातीला कोणाची स्मरणशक्ती किती होती आणि कोण उदास होते, हे हिशेबात धरताच तो फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे खेळल्याने मेंदू शाबूत राहिला की मेंदू शाबूत म्हणून माणूस खेळत राहिला, हा प्रश्न तसाच उरला. त्याच अभ्यासात एक गोष्ट मात्र उरली होती आणि तिची बातमी झाली नाही. खेळणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्य कमी आढळले.

हेही निरीक्षणच आहे, औषधाची चाचणी नव्हे. पण काळेवाडीतल्या आजीकडे पाहिले की ते विचारात घ्यावेसे वाटते. गावाकडे तिला ओटा होता, शेजार होता. इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. मुलगा झोपलेला किंवा कामावर, सून मशीनवर, नातवंडे शाळेत नाहीतर मोबाइलमध्ये. एकाकीपणा हा आरोग्याचा प्रश्न आहे असे जागतिक आरोग्य संघटना आता उघडपणे म्हणते. जगात सहापैकी एका माणसाला तो छळतो, असे तिच्या आयोगाचा २०२५ चा अहवाल सांगतो. भरल्या घरातला एकाकीपणा या मोजणीत कितपत येतो, हा वेगळा विषय आहे.

आजीला खेळाचे वावडे असण्याची शक्यताही धरावी. घरात पट मांडू नये, कलह होतो, हे तिच्या पिढीने ऐकलेले असते. द्यूताची गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय मोबाइलवर रमीत पगार घालवलेल्या शेजाऱ्याची कहाणी ताजी असते. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तोवर बऱ्याच घरांचे नुकसान होऊन गेले होते. त्यामुळे ‘‘हे कसले जुगाराचे खूळ’’ असे ती म्हणाली, तर तिला मागासलेली समजण्याचे कारण नाही. पैसे लागत नाहीत एवढे तिने पाहिले की ती बसते. निदान शेजारी येऊन बसते.

आणि ती बसली की खेळ बदलतो. पटावर दुष्काळाचा पत्ता येतो. चौथीतल्याला तो नुसता दंड वाटतो, दोन धान्ये परत करायची. आजीला तो शब्द ऐकून बहात्तर साल आठवते. खडी फोडायची कामे, सुकडी, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी आणि तिच्या भाकरीची चव. धान्य कशात साठवायचे असा प्रश्न निघाला, तर कणगी, बळद, पेव हे शब्द त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले जातात. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार, हे नातीला माहीत नसते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मात्र तिने परीक्षेत लिहिलेला असतो.

खेळाने संस्कृतीची जी कल्पना दिली ती दुरुस्त करायलाही अशी माणसे लागतात. पटावरची संस्कृती फक्त चढत जाते. पुणे जिल्ह्यातल्याच इनामगावची तशी गेली नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तिथे माणसे राहत होती. सुरुवातीच्या भरभराटीच्या काळात चौकोनी मोठी घरे, धान्याची पेवे, पुरापासून राखणारा बांध, पाण्याचा पाट. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीचा भर कमी होतो, आणि आणखी तीनेकशे वर्षांत वस्ती ओस पडते. पाऊस कमी झाला हे कारण आधी सर्वमान्य होते. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर प्रश्न उपस्थित केले आहेत.

आरोग्याच्या दृष्टीने इनामगाव फार मोलाचे आहे, कारण तिथल्या माणसांची हाडे आणि दात हाती आले. मेलेली तान्ही मुले दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, घरातल्याच जमिनीखाली पुरलेली सापडली. अशी पुरणे थोडीथोडकी नाहीत. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी अशा मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे तपासले. दात घडत असताना बाळाला कुपोषणाचा किंवा आजाराचा ताण पडला की त्याची खूण इनॅमलवर कायमची राहते, आणि तीन हजार वर्षांनीही ती वाचता येते. खेळात लोकसंख्या म्हणजे लाकडाचा ठोकळा असतो. एक वाढला, एक कमी झाला. वैद्यकाचा पत्ता नसलेल्या गावात ठोकळा कमी होणे म्हणजे काय, हे इनामगावच्या मडक्यांकडे पाहून कळते.

तो वैद्यकाचा पत्ताही काळेवाडीला फार दूर नाही. पवनेवरचा पूल ओलांडला की पिंपरी, आणि पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना. पेनिसिलिन बनवणारा हा देशातला पहिला सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिकीकरणाची सुरुवात सांगताना मोटारींच्या कंपन्या आधी आठवतात, पण इथल्या पटावर पहिला मोठा पत्ता पडला तो औषधाचा.

तर पटाभोवती घडते ते हे. बुद्ध्यांक वाढत नाही. गोष्टी निघतात, पाळीची वाट पाहावी लागते, धाकट्याला मोठ्याशी सौदा करता येतो, बापाला मुलीकडून हरता येते. सगळे एका गोष्टीकडे पाहत असल्यामुळे एकमेकांकडे थेट बघून बोलण्याचा संकोच नसतो, आणि आठवीतल्या मुलीशी बोलताना हे सोयीचे पडते. ‘शाळेत काय चाललंय’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर मिळते. वीट देतेस का विचारता विचारता मात्र वर्गातल्या भांडणाची हकीकत बाहेर येते. हे मोजणारी परीक्षा नाही. म्हणून खोक्यावर ते छापता येत नाही.

पण यासाठी लागतो तो दीड तास, आणि सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो. ‘फॅमिली गेम नाइट’ हा शब्द ज्या घरांतून आला, तिथे रात्र मोकळी असते. चाकणच्या शिफ्टवाल्या घरात रात्र कोणाची ते दर सोमवारी बदलते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात वडील पहाटे बस पकडतात आणि रात्री नऊला त्यांचे डोळे मिटतात. सेकंडच्या आठवड्यात मुले शाळेतून येतात तेव्हा ते गेलेले असतात आणि ते येतात तेव्हा मुले झोपलेली असतात. नाइटच्या आठवड्यात ते दिवसभर घरात असतात, पण ‘‘हळू बोला, पप्पा झोपलेत’’ अशा स्वरूपात. तीनपैकी दोन आठवडे मुलांचा आणि बापाचा संबंध डब्यापुरता आणि सहीपुरता राहतो.

रात्रपाळीचे शरीरावरचे परिणाम आता वादाचे राहिलेले नाहीत. शरीरातले दिवस-रात्रीचे घड्याळ उलटे फिरवल्याने झोप, पचन, रक्तातली साखर यांची घडी बिघडते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडवणारी पाळीची कामे ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच मत कायम ठेवले. या सगळ्याचा विचार माणसाच्या शरीरापुरता होतो. त्याच्या घराच्या वेळापत्रकाचे काय होते, तिकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून कोणी पाहत नाही.

मग उत्साही घरे काय करतात? सेकंडवरून वडील साडेबाराला आले तरी मुलांना जागे ठेवतात, किंवा शनिवारी रात्री अकराला डाव मांडतात. हे करू नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेराच्या पुढच्यांना आठ ते दहा. खेळाने काय मिळते याविषयी पुरावा पातळ आहे. झोप तुटल्याने काय जाते याविषयी तो भक्कम आहे. झोप मोडून मांडलेला डाव तोट्याचाच. नाइट करून आलेल्या माणसाला दुपारी अकराला उठवून पटावर बसवणे हेही तसेच. तो हरणारच, आणि चिडणारही.

मधला मार्ग आहे, फारसा डौलदार नाही. डाव अर्धा ठेवता येतो. दोन खोल्यांच्या घरात पट आठवडाभर जमिनीवर मांडून ठेवणे शक्य नसते. पण मोबाइलमध्ये पटाचा फोटो काढायचा, प्रत्येकाचे पत्ते पाकिटात घालून नाव टाकायचे आणि पुढच्या गुरुवारी तिथूनच सुरू करायचे. मामाने ज्या मोबाइलपासून सुटका होईल म्हणून खोका दिला, तोच मोबाइल इथे उपयोगी पडतो. नियमही कापता येतात. दहा गुणांऐवजी सहा गुणांना डाव संपवला तर पाऊण तासात आटोपतो. खेळ कंपनीने बनवला म्हणून नियम कंपनीचेच पाळावेत असे काही नाही. सतत हरून रडणाऱ्या धाकट्यासाठी सगळ्यांनी मिळून खेळायचा एखादा खेळ शोधावा. २००८ चा ‘पँडेमिक’ तसा आहे. त्यात सगळे एका बाजूला आणि रोगांच्या साथी दुसऱ्या बाजूला, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

खोकाच घ्यायला हवा असेही नाही. मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा, स्केचपेन आणि घरातली बटणे यांच्यावर आठवी-चौथीतली मुले स्वतःचा पट करू शकतात, आणि त्यासाठी काळेवाडीइतका चांगला नकाशा मिळणार नाही. मधून पवना. पलीकडे कारखाने. अलीकडे शेते, त्यांचे गुंठे पडले, गुंठ्यांवर घरे आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका. प्रत्येक कारखान्यामागे माणसे वाढणार, प्रत्येक माणसामागे पाणी लागणार, आणि नदी मात्र पटावर एकच. संकटाच्या पत्त्यांत ‘पाणी एक दिवसाआड’ हा पत्ता घालायला मुलांना कोणी सांगावे लागणार नाही. नोव्हेंबर २०१९ पासून शहर तेच पाणी भरते आहे. हा पत्ता दुसऱ्याच्या गळ्यात मारता येईल की नाही, यावर मुलांनी भांडावे. मावळातल्या शेतकऱ्यांनी आणि शहराने पवनेच्या पाण्यावर बराच काळ तेच केले, आणि ऑगस्ट २०११ मध्ये त्यात तीन आंदोलक शेतकऱ्यांचे गोळीबारात प्राणही गेले. हे मुलांना किती सांगायचे ते पालकांनी ठरवावे.

एवढे मात्र खरे की, घराने कितीही जुळवाजुळव केली तरी वेळापत्रक घराच्या हातात नसते. इथे दोन ठिकाणी बोट दाखवायला हवे. महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत, मुलांसाठी अभ्यासिका आहेत. एकात दुपारी आजोबा पत्ते खेळतात, दुसऱ्यात ‘शांतता राखा’ची पाटी असते. दोन्हींच्या मध्ये, जिथे आजी आणि नात एका पटावर बसू शकतील, अशी जागा नाही. चार-पाच खेळ आणि दोन टेबले एवढाच तिचा खर्च आहे. गुरुवारी संध्याकाळी ती उघडी ठेवली तर ज्यांच्या घरात पट पसरायला जागा नाही त्यांचीही सोय होईल.

दुसरे बोट कंपन्यांकडे. शिफ्ट चालवावी लागते हे मान्य. भट्टी, पेंट शॉप दर रात्री बंद करता येत नाही. पण कोणाची कोणती शिफ्ट हे आदल्या आठवड्याच्या शेवटी, कधी तर आदल्या दिवशी सांगण्याला उत्पादनशास्त्रात काही आधार नाही. ती निव्वळ सवय आहे, आणि ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराला तर ती विचारताही येत नाही. कंपन्या आरोग्य शिबिरे भरवतात, रक्तदाब मोजतात, योगदिन साजरा करतात. त्यातल्या एकाही गोष्टीइतका खर्च महिन्याचा शिफ्टचा तक्ता आधी लावायला येत नाही. तक्ता पहिल्या तारखेला कळला, तर दुधाचा हिशेब जिथे लिहिला जातो त्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर मुलगी एखाद्या गुरुवारभोवती गोल काढू शकेल, आणि कपाटावरचा खोका खाली येईल.